दिवा हिरवा, तरी मोटर 40 मिनिटांत बंद: नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात ताळगावातल्या एका इमारतीच्या बेसमेंटमध्ये झिरपून येणारं पाणी उपसायला खड्डा आहे. त्यात एक नेहमीची विजेवरची मोटर आणि लाईट गेली की आपोआप लागणारी 12 व्होल्टची, बॅटरीवरची मोटर आहे. बॅटरी 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर, वय तीन वर्षं. चार्जरचा दिवा कायम हिरवा असतो. परवा रात्री तीन तास लाईट नव्हती. बॅटरीची मोटर लागली, पण पाणी काही उतरेना, आणि 40 मिनिटांत अलार्म वाजवून ती बंदही पडली. पाणी गाड्यांच्या चाकांना लागलं. दुकानदार म्हणतो बॅटरी बसली, नवी घाला. सोसायटीचे पैसे उगाच घालवायचे नाहीत, तर नेमकं काय करावं?

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दुकानदाराने एकीचंच उत्तर दिलंय. मोटर 40 मिनिटांत बंद पडली ही एक. ती फिरत असताना पाणी उतरत नव्हतं ही दुसरी. बॅटरी थोडी कमजोर असली तरी, येणारं पाणी मोटरीच्या आवाक्यातलं असेल, तर मोटर फिरतेय तोवर ते थोडं तरी उतरायला हवं. ते उतरत नसेल तर नवी बॅटरी घालून एवढंच होईल की मोटर 40 मिनिटांऐवजी सहा-सात तास फुकट फिरेल. म्हणून आधी पाण्याचं बघू, बॅटरीकडे नंतर येऊ.

दोन्ही मोटरींचे पाइप वर जाऊन एकाच टीमध्ये, म्हणजे टी आकाराच्या जोडात, मिळतात का बघा. आधीच्या खड्ड्यात बॅटरीची मोटर नंतर बसवली असेल तर प्लंबर दुसरा पाइप रस्त्यापर्यंत नेत नाही, आहे त्यालाच जोडून मोकळा होतो. तसं करायला हरकत नाही, फक्त टीच्या खाली दोन्ही पाइपांना स्वतंत्र एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवा. मोठ्या, म्हणजे विजेवरच्या, मोटरीचा एनआरव्ही नसेल, किंवा त्याची झडप उघडीच अडकली असेल, तर बॅटरीच्या मोटरीने वर ढकललेलं पाणी टीपाशी पोचतं आणि वर चढण्याऐवजी बंद मोटरीच्या पाइपातून परत खड्ड्यात उतरतं. मोटरीचा आवाज बरोबर येतो, पाइप गार लागतो, आणि तेच पाणी गोल फिरत राहतं. खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या बांधातली पाण्याची दारं, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भरती आली की पाण्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. दारात एक फांदी अडकली की खारं पाणी शेतात. एनआरव्हीच्या झडपेचं काम अगदी हेच आहे.

तपासायला हत्यार लागत नाही. मोठ्या मोटरीचा एमसीबी पाडा. नळीने खड्ड्यात पाणी सोडा आणि बॅटरीची मोटर लागू द्या. मग कोरड्या जमिनीवर उभं राहून मोठ्या मोटरीच्या पाइपावर, टीच्या खाली, तळहात ठेवा. ती मोटर बंद आहे, तेव्हा तिच्या पाइपात काहीच हालचाल नको. आतून पाणी धावतंय असं हाताला लागलं तर दोष सापडला. फोंड्याच्या एका इमारतीत आम्ही असाच पाइप धरून शोधला होता. एनआरव्ही उघडला तर झडपेच्या बिजागरीत पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण आडवं बसलेलं, आणि भोवती तांबूस, बुळबुळीत गाळ. झाकण काढलं, झडप जुन्या टूथब्रशने घासली, रबर फिरवून बघितलं, परत बसवलं. त्या सोसायटीनेही आदल्याच वर्षी नवी बॅटरी घेतली होती.

तो तांबूस गाळ आपल्याकडचा खास. चिऱ्याच्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असतं, हवा लागली की ते गंजाच्या रंगाचं होऊन बसतं आणि फ्लोट (पाणी चढलं की मोटर लावणारा तरंगता स्विच), झडप, जाळी, मोटरीतला पंखा सगळ्यांवर चढतं. मोटरीच्या कंपनीच्या पुस्तकात वर्षातून एकदा साफ करा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात दर महिन्याला खड्ड्याचं झाकण उघडून बघावं लागतं.

एनआरव्ही ठीक निघाला तर पुढचा संशय हवेवर. पावसाळा संपला की खड्डा कोरडा पडतो, मोटरीच्या पोटात हवा भरते. पुढच्या पावसात पाणी वाढतं तेव्हा वर एनआरव्ही बंद आणि खाली पाणी, मधली हवा जायला वाट नाही. पंखा हवेतच फिरतो. यासाठी मोटर आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपाला 3 ते 5 मिलिमीटरचं एक भोक पाडायचं असतं, तोंड खाली खड्ड्याकडे. मोटर चालू असताना त्यातून बारीक धार उडते, आणि ती उडायलाच हवी. पण नवीन माणूस येतो, धार बघतो, पाइप लीक आहे म्हणतो आणि वरून एम-सील थापून जातो. तुमच्या पाइपावर तसा राखाडी गोळा दिसतोय का बघा. दिसला तर काढा.

आता बाहेरचं टोक. हे ताळगाव, सांताक्रूझ, पणजीचा मळा अशा सखल भागांत मुद्दाम बघायला हवं. तुमचा पाइप जर गटारात, गटाराच्या काठापेक्षा खाली सुटत असेल, तर जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की गटार तुंबतं, आणि मोटरीला वर चढवण्याच्या उंचीबरोबर त्या साठलेल्या पाण्याशीही झगडावं लागतं. 12 व्होल्टच्या मोटरीत तेवढा दम नसतो. पाइप गटाराच्या वर, रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच नेऊन उलट्या यूसारखा वळवून सोडा, म्हणजे तोंड नेहमी हवेत राहील. तोंडाला जाळी लावा, नाहीतर उन्हाळ्यात तिथे काय काय राहायला येतं ते पावसात कळतं. भिंतीलगत मातीत सोडणं तर नकोच. पाया भरताना घातलेली माती भुसभुशीत असते, ते पाणी अर्ध्या तासात तुमच्याच बेसमेंटमध्ये परत येतं. मलनिस्सारणाच्या चेंबरमध्येही सोडू नका. पावसात तो उलटा भरतो, मग जे वर येतं ते झिरप्याचं पाणी नसतं.

अर्धं दुखणं इथेच सापडेल असा माझा अंदाज आहे. आता बॅटरी.

आधी हिशोब करू. तुमच्या मोटरीच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत ते तुम्ही कळवलेलं नाही. या मापाच्या मोटरी साधारण 15 अँपिअरच्या आसपास घेतात, म्हणून 15 धरतो. 40 मिनिटं सलग चालली म्हणजे बॅटरीतून 10 अँपिअर-तास निघाले. 150 च्या बॅटरीतून 10. ठणठणीत बॅटरीने 15 अँपिअरचा भार आठ तासांच्या आसपास ओढायला हवा. तीन वर्षांत थोडी उतरली धरली तरी पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत. तेव्हा काहीतरी गंभीर बिघाड आहे यात वाद नाही. वाद एवढाच की तो बॅटरीच्या आत आहे की बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या तारेत.

कारण मोटर बंद करणारा कंट्रोलर बॅटरीच्या पोटात डोकावत नाही. त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात एवढंच त्याला दिसतं. तिथला आकडा साडेदहाच्या आसपास आला की बॅटरी संपली असं समजून तो मोटर थांबवतो. वाटेत तार बारीक असेल किंवा जोड गंजला असेल तर बॅटरीत भरपूर शिल्लक असताना कंट्रोलरला ती रिकामी दिसते. 12 व्होल्टला हे फार महाग पडतं. बॅटरी मोटरीपासून 10 मीटर लांब आणि तार 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन 20 मीटर तारेत 15 अँपिअरला सुमारे 1.4 व्होल्ट वाटेतच जातात. घरातल्या 230 व्होल्टला दीड व्होल्टचं कुणाला काही वाटत नाही. इथे तो दहावा हिस्सा आहे. तीच तार 16 चौरस मिलिमीटरची घातली तर नुकसान 0.4 व्होल्टच्या आत येतं. बहुतेक वेळा तार वायरमनने घराच्या हिशोबाने घातलेली असते, म्हणजे 230 व्होल्टला चालते ती.

त्यात आपली खारी हवा. बॅटरीच्या टर्मिनलवर निळसर-पांढरी पूड दिसते ती तर वाईटच, पण लगच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) आत, तारेच्या गाभ्यात शिरलेला हिरवा गंज दिसत नाही आणि तोच जास्त छळतो. तार कापून बघितली की आतलं तांबं काळंहिरवं निघतं.

हे शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरे, डीसी व्होल्टवर ठेवलेला. मोटर चालू असताना दोन ठिकाणी मोजा: एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर, म्हणजे लगवर नाही, खुद्द खुंटावर, आणि लगेच कंट्रोलरच्या टर्मिनलवर. खुंटावर 12.2 आणि कंट्रोलरला 10.8 असेल तर बॅटरी निर्दोष आहे, पैसे तारेवर घाला. खुंटावरच 11 च्या खाली झपाट्याने घसरत असेल तर दुकानदार बरोबर होता. आणखी एक युक्ती: मोटर चालू ठेवून मीटरची एक सुई खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या लगवर टेका. दोघे चिकटलेले आहेत, तेव्हा मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. 0.3, 0.5 असं काही दाखवलं तर तेवढे व्होल्ट त्या घाणेरड्या जोडात जळतायत.

साफ करायची रीत: चार्जर बंद, मोटर बंद, आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, निगेटिव्ह शेवटी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, बोटातली अंगठी काढून ठेवा. 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीवर पाना दोन खुंटांना आडवा पडला तर तो वितळतो, आणि अंगठीचं काय होतं ते लिहित नाही. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून खुंट घासा, पाण्याने पुसा, पूर्ण कोरडं करा. सोड्याचं पाणी सेलच्या आत जाता कामा नये. लग आतून चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी नाही.

एवढं करूनही खुंटावरचा आकडा घसरतच असेल तर ग्रॅव्हिटी, म्हणजे सेलमधल्या द्रवाची घनता, बघा. बॅटरीवाल्याकडे काचेचा हायड्रोमीटर असतो, तुम्हीही घेऊ शकता, महाग नाही. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरली की प्रत्येक सेल 1240 च्या आसपास दाखवते. सहाही सेलचे आकडे कागदावर लिहून घ्या, नुसतं "ठीक आहे" ऐकून घेऊ नका. पाच सेल 1230 आणि एक 1130 असा प्रकार असेल, म्हणजे फरक 50 पेक्षा जास्त, तर तो सेल बसला. चार्जरने त्याला उठवता येत नाही, ती बॅटरी गेली. पण सहाही सेल सारखेच 1170-1180 दाखवत असतील तर मात्र थांबा. ती बॅटरी मेलेली नसून उपाशी असू शकते. चार्जर तिला कधी पोटभर देतच नाही. अशी बॅटरी चांगल्या चार्जरवर, आकडे तीन-चार तास एका जागी थांबेपर्यंत सावकाश भरली तर बऱ्याचदा परत येते. मोजण्याच्या आदल्या दिवशी पाणी घातलं असेल तर आकडा फसवा येतो, कारण नवं पाणी वरच तरंगत राहतं. आधी काही तास चार्जिंग होऊ द्या, मग मोजा.

आणि तो हिरवा दिवा. त्याचा अर्थ एवढाच की चार्जरमधून आता फारसा करंट जात नाही. भरलेली बॅटरी करंट घेत नाही, आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे बसून कडक झालेली बॅटरीही घेत नाही. दिव्याला दोन्ही सारख्याच. चार्जर जोडलेला असताना मीटरवर 13.6 दिसतात तेही चार्जरचे व्होल्ट, बॅटरीचे नाहीत. बॅटरीचे खरे व्होल्ट हवेत तर चार्जर काढून पाच-सहा तास तिला स्वस्थ ठेवा: 12.5 च्या आसपास किंवा पुढे म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 11.9 म्हणजे रिकामी. 10.5 दिसले तर एक अख्खा सेल गेलाय. चार्जरचीही एकदा तपासणी करा. बॅटरी भरल्यावर त्याने 13.5 ते 13.8 च्या दरम्यान स्थिरावायला हवं. कायम 13.2 वर असेल तर बॅटरी उपाशी राहते, कायम 14.5 च्या वर असेल तर पाणी उकळून संपतं.

पाण्याबद्दल: फक्त डिस्टिल्ड. आपल्याकडे एसीच्या नळीचं पाणी बाटलीत धरून बॅटरीत घालायची एक चाल आहे. ते वाफेचं असलं तरी एसीच्या जाळीवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं. फिल्टरचं पाणीही नको. अॅसिड तर कधीच वरून घालायचं नाही, सेलमधून उडतं ते पाणी, अॅसिड तिथेच राहतं. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घाला, बाकी नंतर.

बॅटरी कुठे ठेवलीय हेही कळवा. बेसमेंटच्या जमिनीवर असेल तर तिला आजच उचला. ज्या दिवशी तिची गरज, त्याच दिवशी ती पाण्यात. भिंतीला स्टँड करून छातीच्या उंचीवर, हवा खेळेल अशा जागी, पण मोटरीपासून शक्य तितक्या जवळ. बंद लाकडी पेटीत कोंडू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के साठला की ठिणगीची वाट बघतो. आणखी एक, ती बॅटरी फक्त मोटरीची ठेवा. कुणीतरी हुशारीने सीसीटीव्ही आणि जिन्यातला दिवा तिलाच जोडलेला असतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आधी तेच बघतो.

समजा सगळं दुरुस्त झालं. मग ही व्यवस्था किती वेळ पुरेल? ते अंदाजाने सांगू नका कमिटीला, मोजून सांगा. पावसाच्या दिवशी दोन्ही मोटरी बंद ठेवून खड्ड्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारा आणि पाच मिनिटांनी पाणी किती चढलं बघा. खड्डा 1 मीटर बाय 1 मीटर असेल आणि पाणी 10 सेंटिमीटर चढलं असेल तर पाच मिनिटांत 100 लिटर, म्हणजे मिनिटाला 20 लिटर झिरपा. मोटरीच्या खोक्यावर तासाला 6000 लिटर छापलं असलं तरी ते उंची शून्य असताना. साडेतीन मीटर वर चढवायचं तर ते निम्म्यावर येतं असं धरा, म्हणजे मिनिटाला 50 लिटर. मोटर वेळेचा 40 टक्के भाग चालेल, सरासरी 6 अँपिअर घेईल. 150 च्या बॅटरीतला अर्धाच भाग वापरायचा ठरवलं, आणि बॅटरी टिकवायची असेल तर तसंच ठरवावं, तरी 12 तास निघतात. म्हणजे झिरप्यापुरती तुमची बॅटरी पुरेशी मोठी आहे, 200 ची घ्यायला कुणी सांगितलं तर नको म्हणा.

पण बेसमेंटचा रॅम्प उघडा असेल तर हा सगळा हिशोब मोडतो. 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद रॅम्प म्हणजे 90 चौरस मीटर. तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत, आणि जुलैत अशा सरी येतात, एकट्या रॅम्पवरून तासाला 4500 लिटर पाणी खड्ड्यात येतं. बॅटरीची मोटर तासाला 3000 काढते. ती कितीही नवी असली तरी हरणारच. त्यावर इलाज मोठी मोटर हा नाही. रॅम्पवर पत्र्याचं छत घाला आणि रॅम्प सुरू होतो तिथे रस्त्याचं पाणी अडेल एवढा उंचवटा करून घ्या. बॅटरीच्या खर्चापेक्षा हा खर्च जास्त, पण तो एकदाच. परवा रात्री पाऊस जोरात होता की नुसती लाईट गेली होती हे त्यासाठी आठवून बघा.

फ्लोटबद्दल थोडंच. बॅटरीच्या मोटरीचा फ्लोट मोठ्या मोटरीच्या फ्लोटपेक्षा 10-15 सेंटिमीटर वर असावा. मग ती लाईट गेल्यावर तर लागतेच, पण मोठी मोटर जळाली, तिचा फ्लोट अडकला, किंवा पाणी तिला आवरेनासं झालं तरीही लागते. लाईट असताना बॅटरीची मोटर लागलेली दिसली तर खूश होऊ नका, मोठ्या मोटरीला काहीतरी झालंय. केबलवर लोंबणारा फ्लोट असेल तर तो भिंतीला, पाइपाला किंवा दुसऱ्याच्या केबलला अडकत नाही ना, हाताने वरखाली करून बघा. डासांसाठी खड्ड्यात रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतणारे महाभाग असतात. त्याने रबरी सील फुगतात आणि फ्लोट चिकट होतो. डासांना झाकण आणि झाकणाला बारीक जाळी, बस.

मोटर स्वतः बिघडलीय का हे कळायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर उपयोगी. पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त अँपिअर म्हणजे पंख्यात काहीतरी अडकलंय किंवा बेअरिंग जड झालंय. निम्म्याच्या आसपास म्हणजे ती पाणी उचलत नाही, हवा किंवा तुटलेला पंखा. अगदी शून्य असेल तर मोटरीला दोष देण्याआधी फ्यूजचा होल्डर उघडा. फ्यूज शाबूत आणि होल्डरच्या पट्ट्या गंजून मोडलेल्या, हे किनाऱ्याजवळच्या इमारतींत नेहमीचं.

देखभालीचं वेळापत्रक आपल्या पावसाप्रमाणे ठेवा. मिरग लागायच्या आधी, मेच्या मधल्या आठवड्यात, पूर्ण परीक्षा: मोठ्या मोटरीचा एमसीबी पाडून, नळीने पाणी सोडत बॅटरीची मोटर सलग अर्धा तास चालवायची आणि खुंटावरचे व्होल्ट सुरुवातीला, दहा मिनिटांनी आणि शेवटी लिहून ठेवायचे. अर्ध्या तासाने 12 च्या वर असेल तर निवांत. हे आकडे दरवर्षी एकाच वहीत लिहा, बॅटरी कधी उतरायला लागली ते वहीच सांगेल. उन्हाळ्यात ही मोटर महिनोन्महिने कोरडी उभी असते, सील सुकतं, पंखा जाम होतो, म्हणून मधल्या काळातही महिन्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतून तिला मिनिटभर फिरवावं. आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला म्हणून लगेच लक्ष काढू नका. सांजांवाला (24 जूनच्या सणाला) विहिरी चढलेल्या असतात तशा त्या ऑक्टोबरातही लगेच उतरत नाहीत, जमिनीतलं पाणी पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस बेसमेंटकडे येत राहतं.

परवासारखी रात्र परत आली तर: बेसमेंटमध्ये पाणी साठलेलं असताना खाली उतरण्याआधी वरच्या मीटर रूममधून बेसमेंटचा मेन स्विच बंद करा. लाईट गेलीय म्हणून पाण्यात उतरलात आणि तेवढ्यात ती आली, असं व्हायला नको. बॅटरीच्या 12 व्होल्टचा धोका नाही, मोठ्या मोटरीच्या 230 चा आहे. मेन परत चालू करायचा तो सगळी माणसं वर आल्यावर. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची असते ती लाईट असताना, म्हणजे पाणी चढायला लागल्याचं दिसताच, तळाच्या खड्ड्यात तिचीही यंत्रणा असते. जनरेटर भाड्याने आणलात तर तो बाहेर, उघड्यावर. बेसमेंटमध्ये जनरेटर चालवला की धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत आडवा करतो.

शेवटी नवी घ्यावीच लागली तर. गाडीची बॅटरी स्वस्त म्हणून घेऊ नका, ती दोन-चार सेकंद जोर लावायला बनवलेली असते, तासन् तास ओढलं की तिच्या पातळ प्लेट वर्षभरात झिजतात. ट्यूब्युलरच घ्या, बनवल्याची तारीख बघून घ्या, आणि जुनी दुकानदाराला परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती कुठेही टाकून द्यायची नसते, आणि तिच्या शिशाचे पैसेही वळते होतात. लिथियमचं कमिटीत कुणीतरी काढेलच. लिथियम फॉस्फेट चांगली आहे, हलकी आहे, खोलवर ओढलेली तिला चालते, पाणी घालायला नको. पण तुमचा चार्जर शिशाच्या बॅटरीचा आहे, तो तिला चालेल असं गृहीत धरू नका, बहुतेक वेळा तोही बदलावा लागतो. वर्षातून दहा-बारा वेळा लागणाऱ्या मोटरीसाठी मी अजून तरी ट्यूब्युलरच सुचवतो.

दुकानदाराला या आठवड्यात काही सांगू नका. आधी पाइपाला हात लावून एनआरव्ही बघा, जोड साफ करा. मग मला चार गोष्टी कळवा: सहा सेलची ग्रॅव्हिटी, मोटर चालू असताना खुंटावरचे आणि कंट्रोलरवरचे व्होल्ट, तारेची जाडी आणि लांबी, आणि मोटरीच्या पाटीवरचे अँपिअर. पाटी गाळाने भरली असेल तर ओल्या फडक्याने पुसा, घासू नका, छपाई निघून जाते.